बुडवलेली होडी

या, अंमळ पुढे सरकून बसा. मागच्यांनाही ऐकू गेलं पाहिजे. कीर्तनात तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल, की देह म्हणजे होडी आणि देव तिचा नावाडी. ऐकताना आपले डोळे भरून येतात, माना डोलतात. पण आज सांगतो ती होडी तसली नव्हे. ही खरीखुरी, फळ्यांची, डांबराच्या वासाची. तिचा नावाडीही देव नव्हता. साधा माणूस होता, आणि मनातून फार भित्रा होता. तो काय करून बसला ते ऐका.

नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे वाडी. गावात शाळा, दवाखाना, बाजार. वाडीत पन्नासेक घरं आणि शेतं. पूर्वी उन्हाळ्यात नदीला उतार असायचा. बायका लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, डोक्यावर पाटी घेऊन चालत यायच्या. मग वाळूवाला मालक आला. त्याच्या यंत्रांनी पात्र खणून काढलं, आणि जिथे घोटाभर पाणी होतं तिथे डोह झाले. वरून पाणी तसंच दिसायचं, हिरवट, संथ. नावाड्याच्या मेहुण्याची बायको, म्हणजे त्याच्या बायकोची वहिनी, मागच्या उन्हाळ्यात नेहमीसारखी त्या उतारावरून चालत नणंदेकडे यायला निघाली. नणंदेला द्यायच्या शेंगा तिने पदरात बांधल्या होत्या. तिचा देह बाहेर काढला तो या नावाड्यानेच. त्याच्या बांबूला काहीतरी मऊ लागलं होतं. ते मऊपण त्याच्या तळहातांत राहून गेलं. तो ते कुणाला बोलला नाही, बायकोलाही नाही.

आता निवडणूक आली होती. मालक स्वतःच उभा होता. समोर शिडीच्या चिन्हावर एक शाळामास्तर उभा होता, आणि त्याच्यासाठी नावाड्याची बायको घरोघर हिंडत होती.

एका सकाळी मालकाचा मुकादम वाडीकडून होडीत बसला. काठ आला तसा त्याने पाय वर घेतला.

"बूट नवे आहेत," म्हणाला.

नावाड्याला कळलं. तो गुडघाभर पाण्यात उतरला, पाठ वाकवली. मुकादम त्याच्या पाठीवर बसला, आणि बसल्या बसल्या त्याच्या कानाशी हळू आवाजात बोलू लागला.

"बायको फार फिरते रे तुझी."

"बायकांचं काय साहेब, चार घरी बसतात."

"शिडी घेऊन बसतात?" मुकादम हसला. त्याच्या हसण्याबरोबर नावाड्याची पाठ हलली. "फिरू दे. आम्ही कुणाचे पाय बांधत नाही. तू एवढंच कर. होडी वर काढ. डागडुजी आहे म्हण. मतदान झालं की घाल पुन्हा पाण्यात."

"वाडीची माणसं मग कशी येतील?"

"नाही आली तर नाही. तुझं काय जातं?" काठावर उतरून मुकादमाने बुटांवरचा एक थेंब रुमालाने टिपला. "घाट मालकाचा, झोपडीखालची जमीन मालकाची. आणि नदी हल्ली फार खोल झालीय. तुझ्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार?"

तो गेला. नावाडी पाण्यातच उभा राहिला.

दुपारी त्याने दोर बांधून होडी वर ओढली. चार गडी मदतीला आले, होडी पालथी घालून निघून गेले. नावाडी विळ्याने तळाचं शेवाळ खरवडत बसला. खरवडायचं संपलं तरी तो खरवडतच होता.

झोपडीत मात्र वेगळाच खेळ चालला होता. बायकोने बटाटा अर्धा कापून त्यावर फुली कोरली होती. तोच शिक्का. कागदावर कोळशाने चिन्हं काढली होती: शिडी, छत्री, टोपली, तराजू. सासऱ्याला ती मत द्यायला शिकवत होती. म्हातारा होडीचा जुना कारागीर. आता पायांनी दगा दिला होता, पण जीभ शाबूत होती.

"मामंजी, एकदाच उठवायचा. एकाच चिन्हावर. मग घडी अशी घालायची, शाई दुसरीकडे उमटता कामा नये."

म्हाताऱ्याने बटाटा काजळीत बुडवला आणि पटापटा चारही चिन्हांवर फुल्या मारल्या.

"हे काय केलंत!"

"सगळ्यांना दिलं. कुणी नाराज व्हायला नको. पुढारी वाईट, सूनबाई. एकाला दिलं की दुसरा रुसतो."

"बाद झालं तुमचं मत!"

"माझं कधीचंच बाद झालंय," म्हातारा म्हणाला, आणि खोकता खोकता हसला. मग बटाट्याकडे बघून, "याची भाजी करणार ना तू? की तीही मास्तराला?"

नावाडी दारात उभा होता. हसावंसं वाटत होतं, पण तोंड हललं नाही. बायकोने त्याच्याकडे पाहिलं.

"होडी वर काढलीत?"

"सांधे बघायचे होते. डांबर लावायचंय."

"आत्ताच?"

"मग कधी, पावसात?"

ती कागद गोळा करून शिंपीणताईकडे गेली. शिंपीणताई म्हणजे बाजारात शिलाई मशीन घेऊन बसणारी विधवा बाई. शिडीचं गावातलं सगळं काम तिच्या दुकानातून चालायचं. झेंडे तीच शिवायची, बायकांना तीच गोळा करायची. "मी मापं घेते गं," म्हणायची, "कुणाची छाती किती, मला विचारा. या गावातल्या पुरुषांची तर बोलायची सोय नाही."

तिच्याबरोबर नावाड्याची बायको उन्हातान्हात हिंडायची. काही घरांत पाणी मिळायचं. काही घरांत दार अर्धंच उघडायचं, आणि आतली बाई डोळ्यांनी रस्त्याच्या टोकाला उभ्या मोटारसायकली दाखवायची. वाण्याने आधी भिंतीवर शिडीचा कागद लावू दिला होता. पुढच्या आठवड्यात त्यानेच तो नखांनी खरवडून काढला. "ताई, राग मानू नका. मला लेकरं आहेत," म्हणाला. कागदाचा एक तुकडा निघता निघेना, तर त्यावर त्याने कॅलेंडर टांगलं.

मग एक दिवस शिंपीणताईचं मशीन दिसेना. दुकानाचं कुलूप जागच्या जागी, मशीन गायब. गुरं पाण्यावर नेणाऱ्याला ते नदीकाठच्या चिखलात सापडलं, चाक वर, उलटं. शिंपीणताईने ते पदराने पुसलं. मोठ्या आवाजात म्हणाली, "आंघोळीला गेलं होतं माझं मशीन!" लोक हसले. पण त्या दिवशी तिने दुकान दुपारीच बंद केलं, आणि ते नावाड्याने पाहिलं.

त्याच संध्याकाळी दोघे तरणे मोटारसायकलवरून झोपडीपाशी आले. म्हातारा बाजेवर बसला होता. एकाने पाणी मागितलं. म्हाताऱ्याने उशाचा तांब्या दिला. त्या पोराने एक घोटही घेतला नाही. म्हाताऱ्याकडे बघत बघत सगळं पाणी त्याच्या पायांवर ओतलं, तांब्या नीट परत ठेवला, आणि म्हणाला, "काळजी घ्या बाबा." नावाडी चार हातांवर सुतळी पिळत बसला होता. तो उठला नाही. ते गेल्यावर उठला आणि बापाचे पाय पुसू लागला.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "पाणीच आहे." मग थोड्या वेळाने, "तू उठला नाहीस ते बरं केलंस," म्हणाला. हे ऐकून नावाड्याला जास्तच लागलं. बापाने शिवी दिली असती तर परवडलं असतं.

ऊन वाढत चाललं होतं. पालथी होडी दिवसभर तापायची. डांबराचा डबा तसाच बंद पडला होता. एका दुपारी बायको फिरून आली ती सरळ होडीकडे गेली, वाकली, आणि पालथ्या होडीखाली आत शिरली. नावाडी बाहेर उभा.

"अहो," ती म्हणाली. "इकडे या."

तो गुडघ्यांवर वाकून आत गेला. आत अंधार होता, आणि अंधारात उन्हाच्या बारीक बारीक रेघा. सुकून फळ्या आकसल्या होत्या, सांधे सुटले होते. तिच्या कपाळावर एक रेघ, गालावर एक, गळ्यावर एक.

"उजेड दिसतोय आतून," ती म्हणाली.

त्याने एका फटीवर बोट ठेवलं.

"मी काही कालची नाही आले या घरात. लाकडी होडी इतके दिवस उन्हात ठेवत नाहीत, हे मला कळतं. कोण आलं होतं?"

"मुकादम."

"काय म्हणाला?"

"मतदान होईपर्यंत वरच ठेव."

"आणि तुम्ही ठेवलीत."

"बाबांना उचलून कुठे नेऊ? सांग ना. झोपडी पाडली तर कुठे नेऊ? तू शिड्या घेऊन हिंडतेस. रात्री मोटारसायकल वाजली की मी उठून बसतो. तुला माहीत तरी आहे का?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "मीही जागीच असते."

तिच्या गालावरची उन्हाची रेघ हलली. ती रडते आहे की काय म्हणून त्याने पाहिलं, पण तिचे डोळे कोरडे होते.

"वहिनी त्या दिवशी आपल्या घरी येत होती," ती एवढंच म्हणाली, आणि बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने हट्ट धरला, मला काठावर ने. नावाड्याने त्याला पाठुंगळी घेतलं. हाडं हलकी झाली होती, पण नखं मानेत रुतत होती. होडीपाशी बसवल्यावर म्हाताऱ्याने बोटाच्या पेरांनी एकेक फळी वाजवली. कान लावला. पुन्हा वाजवली.

"चाळण केलीस रे पोरीची." होडीला तो पोरगीच म्हणायचा. "आणखी दोन दिवस अशी ठेव, फळ्या चिरतील. मग जळणालाच."

"काय करू, बाबा?"

"मला काय विचारतोस? हात तुझे आहेत." म्हातारा नदीकडे बघत राहिला. "मी एवढंच सांगतो, लाकूड तहानलंय. बाकी निवडणूक-बिवडणूक तुमची तुम्ही बघा."

त्या दुपारी नावाड्याने सांध्यांत सुतळी कोंबली, डांबर तापवून भरलं. हात कोपरापर्यंत काळे झाले. मग होडी सुलटी करून त्याने उथळ पाण्यात ढकलली. पाणी सगळ्या सांध्यांतून आत उसळलं. तो दगड उचलून होडीत टाकत गेला. एकेका दगडाबरोबर होडी खाली खाली, आणि शेवटी कडाही पाण्याखाली गेली. वर फक्त दोर बांधायचा खुंटा राहिला.

सुकलेल्या होडीला हेच औषध. पाण्यात बुडून राहिली की फळ्या फुगतात, सांधे आपसूक मिटतात. नावाड्याच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक. पण मंडळी, खरं सांगायचं तर त्याने ती बरी व्हावी म्हणून बुडवली, की दिसेनाशी व्हावी म्हणून, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. भ्यालेल्या माणसाचे हात त्याच्या मनाच्या पुढे चालतात.

मुकादम आला तेव्हा तो चिखलात बसून हात वाळूने घासत होता. मुकादमाने खुंटा पाहिला, पाण्याखालची काळी सावली पाहिली, आणि मोठ्याने हसला.

"अरे वा! मी नुसती वर काढ म्हटलं होतं, तू तर बुडवूनच मोकळा झालास! मालकांना सांगतो." त्याने नावाड्याच्या पाठीवर थाप मारली.

नावाडी म्हणाला, "हो साहेब."

काठावर तोवर बायाबापड्या जमल्या होत्या. शिंपीणताईही होती. तिने पाहिलं आणि पाण्यात थुंकली. दुसरी एक बाई बोलली, मुद्दाम ऐकू जाईल अशी: "मेहुण्याच्या बायकोला बाहेर काढलं तेही उगाच. तिथेच ठेवायची. मालक खूश झाला असता."

हे ऐकून नावाड्याने मान आणखी खाली घातली. वाळू घासता घासता कातडी सोलली, पण डांबर निघालं नाही.

गर्दीच्या मागे त्याची बायको उभी होती. तिने बुडलेली होडी पाहिली. त्याच्याकडे पाहिलं. तिलाही त्यातलं काय खरं ते कळलं नसणार. पण घरी आल्यावर तिने कोपऱ्यातला पाणी उपसायचा डबा काढला, झटकला, आणि दाराशी ठेवला. मग जेवायला वाढलं. म्हातारा त्या डब्याकडे आणि लेकाकडे आळीपाळीने बघत जेवला.

मतदानाच्या दिवशी उजाडताच नावाडी घाटावर गेला. घाट मोकळा होता. मालकाची सगळी माणसं शाळेपाशी. बुडलेल्या होडीवर कोण पहारा ठेवतो? पलीकडच्या काठावर रंगीत ठिपके दिसत होते. वाडीची माणसं आली होती. होडी बुडाल्याचं त्यांच्या कानावर गेलं नसेल असं नाही. तरी आली होती, आणि नुसती उभी होती. हाक नाही, आरडाओरड नाही.

त्याने हाक ऐकू यायची वाट पाहिली. कुणी शिवी दिली असती तर तो परत फिरलाही असता. पण ती नुसती उभीच राहिली, आणि तो पाण्याच्या कडेपर्यंत गेला.

मागे पाणी वाजलं. बायको डबा घेऊन पाण्यात उतरली होती.

"मी दगड काढते," ती म्हणाली. "तुम्ही कडा धरा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग वाकला. दगड बाहेर, पाणी बाहेर. डबा होडीच्या तळाला खरडल्याचा आवाज त्याला साऱ्या गावाला ऐकू जाईल एवढा मोठा वाटत होता. होडी कुशीवर वळल्यासारखी हलली, आणि वर आली. त्याने तळावर तळहात फिरवला. थेंबही आत येत नव्हता. फळ्यांनी फळ्यांना घट्ट धरलं होतं.

पहिल्या खेपेला डोहावरून जाताना बांबू तळाला लागेना. बांबू खाली खाली गेला, त्याच्या मनगटापर्यंत पाणी आलं, आणि त्याला ते मऊपण आठवलं. त्याने देवाचं नाव घेतलं. कुठल्या देवाचं, तेही त्याला आठवत नव्हतं. बांबू ठेवून वल्हं घेतलं.

पलीकडे मेहुणा पुढे होता. त्याने होडीचा दोर धरला, नावाड्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "आधी म्हाताऱ्या बसू देत."

वाडीची थोरली आजी आपलं ओळखपत्र पदराच्या गाठीत बांधून आली होती. अलीकडच्या काठाला तिला उतरता येईना. नावाड्याने पाठ वाकवली. ती बसली आणि म्हणाली, "बाबा, तुझी पाठ मोडायची." तो म्हणाला, "सवय आहे, आजी." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि उतरेपर्यंत तो काढला नाही.

खेपांवर खेपा झाल्या. वाडीची माणसं उतरायची, ओल्या पायांनी शाळेकडे जायची, शाई लावून परत यायची. दुपारी मुकादम धावत आला. काठावर थांबला, कमरेवर हात. नावाडी होडी लावत होता. दोघांची नजर भेटली. मुकादम ओरडला नाही. फोन काढला, बाजूला जाऊन बोलला, आणि परत येऊन शांतपणे म्हणाला, "चालू दे. आज सगळं चालू दे. संध्याकाळी बसू आपण."

मुकादमाने ओरडायला हवं होतं, असं नावाड्याला वाटलं. नदीचंच ओंजळभर पाणी पिऊन त्याने वल्हं उचललं.

बायको मत देऊन आली. म्हाताऱ्यालाही तिने आणि शिंपीणताईने खुर्चीत उचलून नेऊन आणलं. तो बोट नाचवत ओरडला, "या वेळी एकालाच दिलं रे!"

"तुम्ही कधी जाणार?" बायकोने विचारलं.

"ही खेप झाली की."

पुन्हा तिने विचारलं, पुन्हा तो तेच म्हणाला. काठाला दोन मोटारसायकली उभ्याच होत्या. होडी क्षणभर जरी सोडली तर ती शाबूत मिळणार नाही, हे तिलाही दिसत होतं. तिने विचारायचं सोडलं. शाळेची घंटा वाजली, दार बंद झालं. त्याचं मत राहूनच गेलं.

दिवस कलला. वाडीची शेवटची माणसं अजून अलीकडेच होती, थोरली आजीही. मुकादम दोघांना घेऊन घाटावर आला. एकाच्या हातात कुऱ्हाड होती.

"हात दाखव," मुकादम म्हणाला.

नावाड्याने हात पुढे केले. मुकादमाने बोटं उलटसुलट करून पाहिली. सगळी बोटं डांबराने काळी. शाई कुठेच नाही.

"तू मत दिलंच नाहीस?"

"नाही साहेब."

"मग कशासाठी केलंस रे हे?" खरोखरच त्याला कळेना.

नावाड्याने हात मागे घेतले आणि वल्हं उचललं.

आजी तेवढ्यात काठीचा आधार घेत होडीत चढली आणि मधल्या फळीवर मांडी घालून बसली. "तुला फोडायची ती फोड," ती मुकादमाला म्हणाली. "पण आधी मला घरी सोडू दे. माझ्या शेळीची धार काढायची राहिलीय." तिच्यामागून मेहुणा चढला, मग आणखी चौघं. कुऱ्हाडवाला मुकादमाकडे बघू लागला.

मुकादम हसला. "सोड त्यांना. आम्ही कुठे जातोय? बसतो इथेच, तुझ्या बापाच्या बाजेवर."

नावाडी वल्हं मारत पलीकडे निघाला. पलीकडे उतरल्यावर मेहुण्याने दोर खुंट्याला घट्ट गुंडाळला.

"दाजी, आज इथेच राहा. तिकडे जाऊ नका."

"हो रे बाबा," आजी म्हणाली. "राहा. माझ्याकडे राहा."

अलीकडच्या काठावर झोपडीपाशी कंदील लागला होता. शेजारी बायको उभी दिसत होती, आणि तिच्यासमोर तीन सावल्या. नावाड्याने बराच वेळ तिकडे पाहिलं. मग वाकून गाठ सोडू लागला. ओल्या दोराची गाठ सुटेना. मेहुण्याने मग निमूटपणे ती सोडून दिली.

"भीती नाही वाटत?" आजीने विचारलं.

"फार वाटते," तो म्हणाला. "पण घर तिकडे आहे माझं."

रिकामी होडी तो परत नेऊ लागला. एक थेंब पाणी आत येत नव्हतं.

पुढचं मला विचारू नका. मला एवढंच दिसतं: मधली नदी, ते तीन बसलेले, आणि त्यांच्याकडे जाणारी होडी. तुमच्या बोटावर कधी ती शाई लागेल ना मंडळी, आणि धुऊनही कितीतरी दिवस जाणार नाही, तेव्हा तिच्याकडे बघून क्षणभर त्या नावाड्याला आठवा. सगळ्यांना पैलतीरी नेलं त्याने, आणि त्याचं बोट मात्र नुसत्या डांबराचंच राहिलं.